सहा पेट्या आणि एक गाणे

वरूडला दिवाळीच्या तोंडावर दारात पेट्या दिसल्या, म्हणजे त्या संत्र्याच्या, असेच कोणीही समजेल. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख. आंबिया बहाराचे फळ याच दिवसांत रंगावर येऊ लागते आणि घरोघर बोलणे एकच असते : भाव काय निघाला, व्यापाऱ्याने इसार किती दिला, तोडा कधी. रेल्वेने आलात, तर फलाटावरच्या पाटीवरही गावाच्या नावाला ‘ऑरेंज सिटी’ असे शेपूट जोडलेले दिसेल !

म्हणून गेल्या वर्षी धनत्रयोदशीला माझ्या ताईच्या घरासमोर टेम्पोतून सहा खोकी उतरली, तेव्हा ओसरीवर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबाजींनी, कपाळावर आडवा हात धरून विचारले,

“या पेट्या वापस कायले आल्या रे बापा ? माल नापास झाला का ?”

“नाई आबाजी, या गाण्याच्या पेट्या आहेत,” माझा भाचा अभिमानाने म्हणाला.

“गाण्याच्या ? अन् सहा ?” आबाजी थोडा वेळ गप्प राहिले. “सहा पेट्या कोन वाजवन बाप्पा ? आपल्या घरी एक पेटी वाजवनारी होती, ते तर गेली.”

ताईने माझ्याकडे पाहिले आणि ती चहा टाकायला आत गेली. तिच्या सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. गावातल्या बायकांचे भजनी मंडळ त्यांच्या पेटीवर चाले. कोजागिरीला त्यांच्या अंगणात गाणे होई, आणि दूध आटेपर्यंत बाई आणि दूध उतरल्यावर बुवा, असा तेथला रिवाज होता.

तर सांगायची गोष्ट ही, की बहाराचा पैसा हाती आला आणि भाच्याने ‘होम थिएटर’ घेतले. पुढे तीन दिवस त्या घरात एकच वाद गाजला. या सहा पेट्यांवर सिनेमा उत्तम दिसतो, नव्हे ऐकू येतो, यावर सर्वांचे एकमत. पण त्यांच्यावर गाणे ऐकावे की नाही? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. म्हणून वरूडच्या त्या तीन दिवसांची हकिकत जरा विस्ताराने सांगतो.

पहिल्या रात्री वाहवा

धनत्रयोदशीच्या रात्री सामान जोडून झाले. दूरचित्रवाणी संचाच्या दोन्ही अंगांना वीतभर उंचीच्या दोन पेट्या, संचाखाली मधोमध एक, सोफ्यामागे भिंतीवर दोन, आणि कोपऱ्यात जमिनीवर एक थोराड चौकोनी डबा. या डब्याला सबवूफर म्हणतात, आणि जमिनीचे हादरे ही त्याची खास जबाबदारी. पाच पेट्या आणि हा एक डबा मिळून ‘पाच पॉइंट एक’. डब्याला पूर्ण एकाचा मान न देता पॉइंट एकावर का बोळवले, तर त्याच्याकडे ध्वनीचा फक्त तळचा लहानसा भाग असतो म्हणून.

चित्रपट लागला आणि खरोखर मौज आली. पाऊस डोक्यावर पडला. मोटार डावीकडून आली आणि आमच्या मागून उजवीकडे गेली. कुठे तरी दार करकरले, तेव्हा भाऊजींनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिले. शेजारची पोरे तर जमिनीवर हात ठेवून हादरे मोजत होती. ‘शोले’ १९७५ साली सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजात आला, तेव्हा तो थाटात पाहायला माणसे मोठ्या शहराची वाट धरीत. आता तो थाट वरूडच्या दिवाणखान्यात पाय पसरून मिळतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. आबाजीही म्हणाले, “तमाशा झकास आहे !”

दिवाणखान्यात दोन जुन्या लाकडी पेट्या होत्या. चाळीसेक वर्षांपूर्वी आबाजींनी नागपूरला सीताबर्डीवर घेतलेल्या. गुडघ्याइतक्या उंच, आठ इंची कागदी पडद्याच्या. नव्या सामानाला जागा हवी, म्हणून भाच्याने त्या माळ्यावर टाकायचे ठरवले होते. माळ्यावरून त्या भंगारवाल्याकडे जाणार, हे न बोलता सर्वांना कळत होते.

दुसऱ्या दिवशी प्रश्न

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, अभ्यंगस्नान आटोपल्यावर, भाच्याने आबाजींना खूश करायचे मनावर घेतले. आजींच्या गाण्याची एक जुनी कॅसेट घरात होती. अशाच एका कोजागिरीला कुणी तरी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून भरलेली. पोराने ती परिश्रमाने संगणकावर उतरवून घेतली होती. त्याने आबाजींना सोफ्याच्या मधोमध बसवले, पाचही पेट्या चालू केल्या, आणि वर ‘कॉन्सर्ट हॉल’ असे नाव असलेले बटन दाबले.

पेटीचा सूर आला. मग आजींचा आवाज आला. तो समोरून आला, मागून आला, दोन्ही कानांपाशी आला, आणि प्रत्येक शब्दामागे विहिरीत हाक मारावी तसा त्याचा पडसाद आला. आबाजींनी समोर पाहिले. मग मान वळवून मागे पाहिले. मग ते हळूच उठून उभे राहिले.

“कुठी बसली आहे ते ?” त्यांनी विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. भाच्याने यंत्र बंद केले. त्याचा चेहरा पाहवेना. बिचाऱ्याने हौसेने केले होते. मग तो स्वतःशीच पुटपुटावे तसे म्हणाला, “मामा, आबाजींचं वय झालं. त्यांना ऐकूच कमी येतं.”

मला ते पटले नाही. त्यांचा प्रश्न कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा नव्हता. गाणाऱ्याची जागा कोणती, हे विचारणाऱ्याचा होता, आणि ध्वनिशास्त्राने गेली शंभर-सव्वाशे वर्षे ज्या प्रश्नावर डोके शिणवले तो नेमका हाच.

दोन कानांचे गणित

आपल्याला कान दोन का ? एकाने ऐकू येत नाही म्हणून नव्हे. एकाने दिशा नीट कळत नाही म्हणून. डावीकडून कोणी हाक मारली, तर तो आवाज डाव्या कानाशी आधी पोचतो आणि उजव्याशी किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश इतका असतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू सांगतो, ‘शेजारच्या खिडकीत बघ.’ शिवाय उंच स्वरांना डोक्याची आडकाठी होते, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते थोडे फिके लागतात. खालच्या स्वरांची दिशा मुख्यतः वेळेवरून आणि वरच्यांची मुख्यतः जोरावरून, असे हे दुहेरी गणित लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ साली मांडले. म्हातारपणी अगदी वरचे स्वर आधी सोडून जातात. गळ्याचा भरणा असतो ते मधले आणि खालचे स्वर त्या मानाने पुष्कळ काळ सोबत करतात. आबाजींना डासाची गुणगुण कदाचित ऐकू येत नसेल. गाणारी कोणत्या बाजूला बसली आहे, हे मात्र त्यांना अजून चांगले कळत होते.

या दोन कानांचा फायदा घेण्याची युक्ती प्रथम दिसली ती पॅरिसला. १८८१ सालच्या वीज प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे ध्वनिग्राहक जोडीजोडीने ठेवले आणि प्रदर्शनातल्या लोकांच्या दोन्ही कानांना दोन वेगळे टेलिफोन लावले. नट मंचावर चालतो आहे, हे त्यांना न पाहता कळू लागले. पुढे १९३१ साली इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलीन या तरुण अभियंत्याने आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची गोष्ट अशी सांगतात, की तो पत्नीसह बोलपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र एकाच कर्ण्यातून भलतीकडून! तेथेच तो म्हणाला, यावर माझ्याकडे उपाय आहे. मौज पाहा : गाण्याच्या शौकिनांनी डोक्यावर घेतलेल्या स्टिरिओचा जन्म अशा रीतीने सिनेमाच्या तक्रारीतून झाला. स्टिरिओच्या तबकड्या सर्रास बाजारात यायला मात्र १९५८ साल उजाडले. ब्लमलीन तेव्हा हयात नव्हता. १९४२ साली, युद्धकाळात, रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला होता.

स्टिरिओची करामत अशी, की पेट्या दोनच, पण गाणारा त्या दोहोंच्या मध्ये, जेथे काहीही नाही तेथे, बसलेला ऐकू येतो. दोन्ही पेट्यांतून तोच सूर, त्याच क्षणी, सारख्याच जोराने आला, की कान म्हणतात, ‘तो मधोमध आहे.’ एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तंबोरे, अशी बैठक मग डोळ्यांसमोर उभी राहते.

यासाठी अट दोनच. पेट्या अगदी जुळ्या हव्यात. आणि त्या दोन व ऐकणारा तिसरा, असा समभुज त्रिकोण साधला पाहिजे. त्या दोघींत सहा-सात फूट अंतर असेल, तर आपणही त्यांच्यापासून तितकेच दूर बसावे.

सिनेमा आणि गाणे यांची फारकत

मग सिनेमाला पाच पेट्या कशाला ? कारण सिनेमा एकट्याने पाहायचा नसतो. सगळेच काही त्रिकोणाच्या टोकाशी बसू शकत नाहीत. जो अगदी डावीकडे बसला त्याला दोन पेट्यांच्या स्टिरिओत नटाचे बोलणे डाव्या पेटीतूनच आल्यासारखे वाटेल. म्हणून संवादासाठी पडद्यापाशी मध्ये एक स्वतंत्र पेटी. पाऊस, गर्दी, पाखरे यांच्यासाठी बाजूंच्या दोन. आणि स्फोटासाठी डबा. १९९२ साली चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले आणि ही पाच-पॉइंट-एकची रचना रूढ झाली. त्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडीच्या पाठोपाठ ती घरात शिरली.

गाण्याच्या मुद्रिकेचे तसे नसते. स्टिरिओ गाण्यात दोनच वाटा असतात, डावी आणि उजवी. डब्यासाठी वेगळी वाट नाही, मागच्या पेट्यांसाठी तर मुळीच नाही. त्यांतून जे काही येते ते यंत्राने आपल्या पदरचे घातलेले असते. आपले सोने तर त्याहूनही जुने. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले; त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या एकाच वाटेच्या, म्हणजे ‘मोनो’. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचलेले ‘गीतरामायण’ही आपण एकाच कर्ण्यातून ऐकले. अशा गाण्याला पाच तोंडे देणे म्हणजे एका गवयाला पाच आरशांच्या खोलीत कोंडणे होय.

काळी एकचा न्याय

तरी हा सगळा दोष बटनाचा झाला. बटन न दाबता, फक्त समोरच्या दोन पेट्या आणि डबा एवढ्यावर स्टिरिओ लावला तर ? भाच्याचा प्रश्न रास्त होता. म्हणून दुपारी फराळ झाल्यावर आम्ही रीतसर परीक्षा मांडली.

जुन्या लाकडी पेट्या माळ्यावर जाता जाता वाचल्या. त्यांच्या मागे ८ ओहम असे लिहिले होते. नव्या यंत्राला तेवढे चालत होते आणि तारांची टोकेही साधीच होती. म्हणून यंत्र तेच ठेवले आणि पेट्या तेवढ्या बदलायच्या ठरवल्या. आबाजींच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. भाच्याने फोनवरच्या मापकाने दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घेतला. हे फार महत्त्वाचे. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि दुकानदारांना हे आपल्याआधी ठाऊक असते !

एका बुजुर्ग गवयाचा ख्याल लावला. पट्टी काळी एक.

“हा गळ्यानं समोर गाते अन् पोटानं कोपऱ्यात,” छोट्या पेट्या ऐकून आबाजींनी निकाल दिला. जुन्या पेट्या लागल्यावर म्हणाले, “आता मानूस एक झाला. पन उजव्या पेटीत काईतरी फडफडून रायलं.”

भाचा चकित झाला. मी मात्र कागद-पेन्सिल घेतली. काळी एक पट्टीच्या पुरुषाचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. मंद्र पंचम सुमारे १०४, मंद्र षड्ज ६९. आता अडीच-तीन इंची पडद्याच्या इवल्याशा पेटीला दीडशे-दोनशेच्या खाली उतरणे जमत नाही. खालचा स्वर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि एवढ्याशा पडद्याने ती हलत नाही. ती आपला खालचा भार कोपऱ्यातल्या डब्याकडे सोपवून मोकळी होते. म्हणजे बुवा पंचमाच्या वर गेले, की समोर. षड्जावर परतले, की अर्धे कोपऱ्यात! स्वराचे उपस्वर समोर आणि मूळ कंपन डब्यात. आबाजींनी जे सांगितले ते अक्षरशः खरे होते.

दोष डब्याच्या अस्तित्वात नाही. साधारण ८० कंपनांच्या खाली कानाला दिशा फारशी कळत नाही. म्हणून समोरच्या पेट्या ८०पर्यंत स्वतः उतरत असतील आणि डबा त्याखालचेच काम करीत असेल, तर तो कोठेही बसवा, गाण्याला फारसा धक्का लागत नाही. डबा दोनशेपर्यंत वर चढतो तेव्हा त्याचा ठावठिकाणा कळतो, आणि बुवांची फाळणी होते.

आणि फडफड ? जुन्या पेटीच्या पडद्याची फोमची कड कुजून एका अंगाला सुटली होती. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत अशी जातेच. तेवढी बदलली, की पेटी नवी. कारागीर मिळाला, तर हा थोड्या पैशांचा मामला असतो. भंगारात निघालेल्या किती तरी चांगल्या पेट्यांचा एवढाच अपराध असतो !

वॅटांचा बाजार

“पण मामा, यावर तर हजारो वॅट लिहिलेत !” भाच्याने खोक्यावर बोट ठेवले. तेथे आकड्यापुढे पीएमपीओ अशी चार अक्षरे होती. वाचकहो, ही अक्षरे दिसली, की तो आकडा विसरून जावा. तो कसा मोजायचा याला सर्वमान्य नियमच नाही. आरएमएस या अक्षरांपुढचा आकडा विचारावा, तो पुष्कळच नम्र असतो. आणि नम्र असला म्हणून बिघडत नाही. वॅट दुप्पट केले, तर आवाज फक्त तीन डेसिबेलने वाढतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबेल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दिवाणखान्यात बसून सुखाने गाणे ऐकताना सरासरीने एखादा वॅटही पुरतो. बाकीची शक्ती तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेसाठी राखीव असली म्हणजे झाले.

कापूस आणि सिमेंट

तरीही जुन्या पेट्यांवरचा आवाज मला थोडा गोंगाटी वाटत होता. आबाजी म्हणाले, “जुन्या घरात असा वाजत नव्हता.” खरे होते. जुने घर मातीच्या भिंतींचे. बैठकीत गाद्या, लोड, तक्के. हे नवे घर सिमेंटचे, खाली गुळगुळीत फरशी, खिडक्यांना काच. अशा खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत परत कानावर येतो आणि मूळ सुराला झाकोळतो. खोलीची लांबी-रुंदीही आपले काही सूर फुगवून सांगते. बारा फुटांच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये ४७ कंपनांचा स्वर ठाण मांडून घुमतो, आणि डबा कोपऱ्यात ठेवला, तर त्या घुमण्याला आणखी बळ येते. तबल्याच्या डग्ग्याचा ‘घुम्म’ लांबतच जातो तो यामुळे.

आपण वऱ्हाडातली माणसे. कापूस आपल्या घरचा! ताईने दोन गाद्या आणि एक जाड सतरंजी आणून समोर अंथरली, भिंतीला पुस्तकांचे कपाट सरकवले, खिडकीचे पडदे ओढले. पेट्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतल्या, चौरंगावर ठेवून कानांच्या उंचीला आणल्या आणि किंचित आत वळवल्या. खर्च शून्य. पण फरक एवढा, की भाऊजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकू लागले.

मग घ्यावे काय ?

आता रोखठोक सांगतो. घरात चित्रपट मुख्य आणि गाणे कामे करता करता कानावर पडायचे असेल, तर छोट्या पेट्यांचा संच खुशाल घ्यावा. गाणे मन लावून ऐकायचे असेल, तर त्याच पैशात दोनच पेट्या घ्याव्या, पण चांगल्या, सहा-आठ इंची पडद्याच्या. सहा हलक्या पेट्यांपेक्षा दोन भारी पेट्या गाण्याला कधीही बऱ्या. दोन्ही हवे असेल, तर समोरच्या दोन पेट्यांवर खर्चाचा मोठा वाटा करावा आणि मधली, मागच्या व डबा सवडीने जोडावे. अशा होम थिएटरवर गाणेही उत्तम होते. कारण गाणे लागले, की ते थिएटर राहतच नाही.

गाणे ऐकताना यंत्रावरचे ‘स्टिरिओ’ बटन तेवढे दाबावे. ‘हॉल’, ‘चर्च’, ‘स्टेडियम’ ही स्थळे पर्यटनासाठी ठेवावी. ‘डायरेक्ट’ बटनाने पुष्कळ यंत्रांत डबा बंद होतो. समोरच्या पेट्या मोठ्या असतील तरच ते वापरावे. डब्याची सीमा ८०च्या आसपास बांधावी, आणि तो आहे असे जाणवू लागले, की त्याचा आवाज कमी करावा. पेट्या शोकेसमध्ये कोंबू नयेत, छताला टांगू नयेत. आणि दुकानात जाताना तेथल्या स्फोटांवर भुलू नये. आपल्याला तोंडपाठ असलेले एक गाणे बरोबर न्यावे, डोळे मिटावे आणि आबाजींचा प्रश्न विचारावा : गाणारा कुठे बसला आहे ?

पाडवा

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले, पण तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच उजवी पेटी मोटारसायकलच्या मागे बांधून तो अमरावतीला गेला. पाडव्याच्या दिवशी कोणता कारागीर दुकान उघडतो, असे भाऊजी म्हणाले. पण ओळखीचा एक कारागीर घरीच कामे करी. संध्याकाळी पोरगा परतला तो धुळीने माखलेला आणि हसत. पडद्याला नवी कड लागली होती.

रात्री ताईने भाऊजींना ओवाळले. पणत्या अंगणात होत्याच. पोराने दोन्ही लाकडी पेट्या चौरंगांवर ठेवल्या, दोरी धरून तीन अंतरे मोजली आणि आबाजींना त्रिकोणाच्या टोकाशी गादीवर बसवले. मागच्या पेट्या बंद, मधली बंद, डबा बंद.

कॅसेटची ती मोनो मुद्रिका. त्यात डावे-उजवे काही नव्हतेच. पण दोन जुळ्या पेट्यांतून ती एकदम निघाली आणि दोहोंच्या मध्ये, रिकाम्या भिंतीपाशी, पेटीचा भाता हलला. कुणी तरी खाकरले. भांड्यावर भांडे वाजले. दूध उतरवीत असावेत. आणि मग आजी गाऊ लागल्या. टेपची खरखर होती, आवाज थोडा चिरकत होता, पण त्या एका जागी बसल्या होत्या आणि समोर पाहून गात होत्या.

आबाजींनी या वेळी मान वळवली नाही. भजन संपले, कॅसेटमधल्या बायका हसल्या, टेप खट्दिशी थांबली. बराच वेळ कोणी उठले नाही. भाच्याने हळूच विचारले,

“आबाजी, आता कुठी आहे आजी ?”

त्यांनी दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे हात केला.

“ते काय. मधात बसली आहे.” मग ताईने सोलून दिलेल्या संत्र्याची फोड हातात घेत ते नातवाला म्हणाले, “तुह्या सिनेमाच्या पेट्या राहू दे, बाप्पा. पोट्टे खूश होतात. पन या दोघी आता हलवू नको.”

पेट्या हलल्या नाहीत. सिनेमाही आता त्यांच्यावरच ऐकतात. भाचा म्हणतो, पाऊस पूर्वीपेक्षा ओला वाटतो. माळ्यावर त्या दोघींसाठी केलेल्या जागेत नव्या संचातल्या दोन छोट्या पेट्या जाऊन बसल्या आहेत.